नुसते देश, माणसं नाहीत

मी ब्लॉग लिहायचे तेव्हा माझा पहिला वाचक गेर्लिंगेनकडे जाणाऱ्या सकाळच्या ट्राममध्ये बसलेला असायचा. आदल्या दुपारी लिहिलेला लेख छापून मी नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवत असे. संध्याकाळी कागद परत यायचा तो समासात पेन्सिलीच्या खुणा घेऊन, कधी भाजीच्या तेलाचा डाग घेऊन. तो इंजिनिअर होता, पण त्याचं ऱ्हस्व-दीर्घ माझ्यापेक्षा पक्कं होतं.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी पुण्यात राज्यशास्त्र शिकवत होते. त्याच्या कामामुळे स्टुटगार्टला आलो, कंत्राट वाढत गेलं, मुलगी इथल्या शाळेत जाऊ लागली, आणि मी घरी राहिले. माझं जर्मन बेकरी आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यापुरतं होतं. वर्तमानपत्र मात्र मी शब्दकोश घेऊन रोज वाचायचे. जे वाचलं ते कुणाला तरी सांगावंसं वाटे, म्हणून ब्लॉग. मराठी टाइप करणं तेव्हा नुकतंच सोपं झालं होतं. युरोपच्या राज्यघटनेचा मसुदा फ्रेंच मतदारांनी का नाकारला, तुर्कस्तानला संघात घ्यावं की नाही, शिक्षिकेनं डोक्याला रुमाल बांधून वर्गात यावं का, असे माझे विषय. वाचक मोजके, पण भांडणारे. अमेरिकेतले एक गृहस्थ प्रत्येक लेखाखाली पहिले हजर. ठाण्याची एक बाई त्यांना उत्तर द्यायला हजर.

"चांगला आहे," नवरा लेखाबद्दल म्हणायचा. "पण तुझ्या लेखात नुसते देश असतात. माणसं नसतात."

"राज्यशास्त्र आहे ते. पाककृती नाही."

"पाककृतीत तरी निदान खाणारे चार जण असतात, हे लिहिलेलं असतं."

फुटबॉलचा विश्वचषक इथे झाला त्या उन्हाळ्यात गल्लीत पहिल्यांदा गाड्यांवर जर्मन झेंडे दिसले. युद्ध पाहिलेल्या आमच्या शेजारच्या आजोबांना ते बघून जरा अवघडल्यासारखं झालं होतं. नवऱ्यानं आमच्या गाडीच्या काचेत एक छोटा झेंडा खोचला. तिसऱ्या क्रमांकाचा सामना आमच्याच शहरात होता. जर्मनीनं तो जिंकल्यावर नवरा घरात ओरडत आला, "आपण तिसरे आलो!"

"आपण म्हणजे कोण?" मी विचारलं.

"ज्यांचा पगारातून कर कापला जातो ते सगळे," तो म्हणाला आणि मुलीला खांद्यावर घेऊन बाल्कनीत गेला.

त्यावर मी लेख लिहिला, झेंडा आणि राष्ट्रीय ओळख असा. त्यात तो झेंडा होता, नवरा नव्हता.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, एका सकाळी ऑफिसात बैठक चालू असताना, खुर्चीतल्या खुर्चीत तो गेला. हृदय. त्याची डब्याची पिशवी आणि लेखाचे कागद मला त्याच्या सहकाऱ्यानं आणून दिले. लेखाच्या पहिल्या पानावर एक खूण होती, दुसऱ्यावर नव्हती.

दहन इथेच झालं. त्यानंतर अंत्यविधीच्या व्यवस्थापकाच्या खोलीत मला कळलं की जर्मनीत अस्थी घरी नेता येत नाहीत. कलश दफनभूमीतच ठेवायचा, असा कायदा आहे. परदेशी पाठवता येतो, तिकडचा कागद लागतो. कुठे, ते मी कळवायचं होतं, आणि तोवर कलश त्यांच्याकडे राहणार होता.

"अर्धा इथे आणि अर्धा तिकडे?" मी विचारलं.

ते वयस्कर गृहस्थ फार सौम्यपणे बोलायचे. "नाही," ते म्हणाले. "राख विभागता येत नाही. माणूस एका ठिकाणी."

सासूबाई नाशिकला. त्यांच्या दृष्टीनं विचारण्यासारखं काही नव्हतंच. घर गोदावरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सासऱ्यांच्या अस्थी तिथेच सोडलेल्या. "कधी आणतेस?" एवढंच त्या फोनवर विचारायच्या. मी म्हणायचे, कागद व्हायचेत. ते खोटं नव्हतं, मी कागद मागितलेच नव्हते.

कारण मुलगी. ती आठ वर्षांची होती. मी मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आमच्या घरात हे असंच चाले. तिच्या मैत्रिणीचे आजोबा टेकडीवरच्या दफनभूमीत होते. रविवारी त्या घरची सगळी मंडळी तिथे जात, फुलझाडं लावत, नळाजवळ टांगलेल्या हिरव्या झाऱ्यांनी पाणी घालत. मुलगी एकदा त्यांच्याबरोबर गेली होती. तिला तो झारी उचलण्याचा कार्यक्रम फार आवडला होता. बाबाला नदीत सोडायचं म्हणजे काय, हे मी तिला समजावलं तेव्हा तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "उन्ड वो गेहे इश दान हिन?" मग मी कुठे जाऊ?

मी म्हटलं, नाशिकला जाऊ ना आपण.

"रविवारी?" हे तिनं मराठीत विचारलं.

डिसेंबरात पोलंड आणि चेक सीमेवरची फाटकं उघडली. पासपोर्ट न दाखवता माणसं इकडून तिकडे चालत गेली, टीव्हीवर दिवसभर तेच. नवरा असता तर म्हणाला असता, चल, गाडी काढू, उगीचच प्रागला जाऊन येऊ. त्या दुपारी, मुलगी शाळेत असताना, मी दोन महिन्यांनी लेख लिहायला बसले. फाटकांवर लिहायचं होतं. लिहिता लिहिता दफनभूमीच्या कायद्यावर आले. जिवंत माणसाला सीमा खुल्या, राखेला मात्र कागद लागतो, असा काहीसा मुद्दा होता. उदाहरण म्हणून मी एक वाक्य घातलं: "स्टुटगार्टमधील एका भारतीय कुटुंबापुढे सध्या असाच प्रश्न आहे."

छापला नाही. कुणाच्या पिशवीत ठेवायचा होता? तसाच ब्लॉगवर चढवला.

संध्याकाळपर्यंत नेहमीची मंडळी जमली. "पुनरागमनाचं स्वागत!" अमेरिकेतल्या गृहस्थांनी लिहिलं. "कुठे होतात? या कुटुंबाला सांगा, इतकी वर्षं युरो खाल्लेत, आता राखही तिथेच ठेवा. फुकटात नागरिकत्व."

ठाण्याच्या बाईंनी लगेच, "तुम्ही स्वतः न्यू जर्सीत बसून दुसऱ्यांना टोमणे मारू नका. अस्थी गंगेलाच गेल्या पाहिजेत, यात चर्चा कसली?"

"गोदावरी चालेल का, की तिकडे व्हिसा लागतो?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, काका."

"काका म्हणू नका, मी अजून चाळिशीत आहे."

पुढे हा वाद दोन दिवस चालला. कायदा कुणाचा श्रेष्ठ, पर्यावरण, हिंदूंनी परदेशात झुकावं की नाही. मी एकेक वाचत होते. कुणाचा राग आला नाही. ते वाईट नव्हते, ते एका कुटुंबाबद्दल बोलत होते, आणि मीच त्यांना तेवढंच सांगितलं होतं. खिडकीबाहेर उतारावरच्या घरांत दिवे लागले. मला वाटलं, आता घरात कुणीतरी म्हणावं, जेवायला काय आहे? मुलगी तिच्या खोलीत चित्र काढत होती.

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला फोन केला.

"आई, भाग करता येत नाहीत म्हणतात. सगळं तिकडे आणायचं किंवा सगळं इथे."

"मग आण की सगळं. प्रश्न काय आहे?"

मी मुलीचं सांगितलं. झाऱ्या, रविवार, सगळं. मागे त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, त्यांनी ती ऐकलीच नसावी.

"मला दगडाखाली ठेवलेलं समजत नाही गं," त्या म्हणाल्या. "नदीला दिलं की ते कुणाचंच राहत नाही, एवढं मला कळतं. पण ते राहू दे. तू तिथे राहणार आहेस का, ते आधी सांग."

कोण युरोपचं, कोण नाही, यावर मी इतके लेख लिहिले होते. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर माझ्या तोंडून आलं तेव्हा मीच जरा दचकले.

"राहणार आहे, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मला का विचारतेस?" आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी केला तर दीर उचलायचा आणि आई झोपली आहे, म्हणायचा.

जानेवारीत टेकडीवरच्या दफनभूमीत जागा घेतली. जमीन गोठलेली होती, खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवला होता. आम्ही दोघी, त्याचे काही सहकारी, शेजारचे आजोबा. भटजी नव्हते. मला जे पाठ होतं ते मी म्हटलं, पाठ नव्हतं तिथे गप्प राहिले. नळ हिवाळ्यासाठी बंद होता. मुलीनं रिकामी झारी हुकावरून काढून पाहिली आणि परत अडकवली.

घरी आल्यावर मी दुसरा लेख लिहिला. त्याची सुरुवात "माझा नवरा" अशी होती. त्यात तो ट्राममध्ये बसला होता, झेंडा खोचत होता, आपण तिसरे आलो म्हणत होता. शेवटी सांगितलं की आधीच्या लेखातलं कुटुंब ते आमचं.

त्याखाली बरेच दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग अमेरिकेतल्या गृहस्थांनी लिहिलं, "ताई, माहीत नव्हतं." त्याखाली ठाण्याच्या बाईंनी, "मलाही." त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं. दाखवायला कुणी नव्हतं.

एप्रिलात सासूबाईंचा फोन आला. माझी चौकशी नाही, नातीची थोडी. मग म्हणाल्या, "तिकडे झेंडू येतो का?"

"येतो, आई. मे महिन्यात रोपं मिळतात."

"मग लाव. पिवळा लाव, केशरी त्याला आवडायचा नाही."

मेमध्ये पिवळी रोपं लावली त्या रविवारी नळ सुरू झाला होता. झारी मोठी होती आणि मुलगी ती काठोकाठ भरायचा हट्ट धरून बसली, म्हणून आम्ही दोघींनी मिळून झारीची मूठ धरली आणि निम्मं पाणी वाटेत सांडत वर चढलो.