खातं चतुराबाईंचं, नंबर संघर्षचा

शी! त्या बँकेचं नाव काढलं तरी चतुराबाईंच्या तोंडाची चव जायची. महाळुंग्यातली ती शाखा आधी माणसांची होती. खिडकीमागचा कॅशियर पैसे हातात ठेवायचा, वर गुडघे कसे आहेत तेही विचारायचा. मग म्हणे शाखा डिजिटल झाली. कॅशियर गेला, काचा आल्या, मशिनं आली, आणि दारात 'आपलं समाधान हाच आमचा ध्यास' असा हसऱ्या बाईचा फलक लागला. त्या बाईचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसत होते.

चतुराबाईंचे मोजून चार उरले होते. कंपनीच्या कँटीनमध्ये सगळी हयात चपात्या लाटण्यात गेली, आता त्यांना कवळी हवी होती. भाकरी आमटीत भिजवून गिळायचा वीट आला होता. चाकणच्या दातांच्या डॉक्टरनं मापसुद्धा घेतलं होतं. पैसे स्वतःच्या कष्टाचे, खात्यात पडून. पण मोठी रक्कम काढायची तर मशीन ओटीपी मागायचं, आणि ओटीपी जायचा चिखलीला, मुलाच्या, संघर्षच्या मोबाइलवर. खातं काढलं तेव्हा चतुराबाईंकडं फोन नव्हता, म्हणून त्यांनीच कौतुकानं पोराचा नंबर दिला होता. घरचाच तर आहे, परका थोडाच! आता स्वतःचा फोन आला, तर नंबर बदलायलाही आधी जुन्याच नंबरवरचा ओटीपी लागतो, असं शाखेतल्या टायवाल्या पोरानं मान वर न करता सांगितलं.

संघर्षकडं ओटीपी मागितला की त्याचं एकच पालुपद, "बघू आई, पुढच्या महिन्यात." या वयात कवळी कशाला, असं त्याला वाटायचं. तो चोर नव्हता हो. एक रुपया काढत नव्हता. आईच्या पैशावर नुसता बसून होता, खुडूक कोंबडीसारखा. चोर असता तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. या बसून राहण्याचीच चतुराबाईंना जास्त किळस यायची.

शेवटी एका रविवारी त्या चिखलीच्या फ्लॅटवर जाऊन थडकल्या. सगळ्यांच्या ताटात मटण होतं. सून मिनलनं त्यांच्यापुढं मात्र मऊ भात ठेवला आणि तुम्हाला हेच बरं पडतं म्हणाली. तेवढ्यात संघर्षचा फोन वाजला. बँकेतली मुलगी चतुराबाईंच्या खात्याबद्दल विचारत होती. ग्रामीण ग्राहक किती समाधानी आहेत, याची पाहणी चालली होती म्हणे. त्यांचं सगळं मीच बघतो, असं सांगत संघर्षनं रश्शाच्या बोटानं स्पीकर लावला आणि नळी चोखत उत्तरं दिली. हवे तेव्हा पैसे मिळतात का? एकदम सहज. पाचपैकी गुण किती? पाच.

चतुराबाईंनी हात लांबवून फोन उचलला.

"बाई, खातं माझं हाय. समाधान तेवढं ह्याचं हाय."

अभिप्राय नोंदवला गेल्याचं मुलीनं सांगितलं, आभार मानले आणि फोन ठेवला.

चतुराबाईंनी फोनवरचा रस्सा पदरानं पुसला आणि फोन कमरेला खोचला. संघर्ष हसला. मग हसू आवरून त्यानं हात पुढं केला. दूधवाला, पेट्रोल, पगार, सगळं त्या फोनमध्येच आहे, त्याच्याशिवाय उद्या दारातून पाऊलही टाकता येणार नाही, असं तो काकुळतीला येऊन सांगू लागला.

चतुराबाईंनी भाताचं ताट बाजूला सारलं.

"बघू," त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात."