अंगावर तीन रजया

माझ्या आईने एकाच बाईवर एकोणीस वर्षं डूख धरला आणि त्यात एका दिवसाचाही खंड पडू दिला नाही. ती बाई म्हणजे माझी मोठी काकू, आईची थोरली जाऊ. हे मी कौतुकाने सांगते आहे. आईने मोठ्या मनाने सगळं विसरायला हवं होतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या डोक्यावर एकदा तरी खोटं खापर फुटावं, मग बोलू.

आमचा धंदा गाद्या-रजयांचा. पुढे दुकान, मागे कारखाना, वर दोन बिऱ्हाडं, एक काकांचं आणि एक आमचं. दुकानाच्या पाटीवर काकांनी स्वतः जुळवलेले तीन शब्द होते: 'ऊब हेच औषध'. गिऱ्हाइकांचं माहीत नाही, पण घरच्यांनी ते मनावर घेतलं होतं. शिंक आली की रजई, पोट दुखलं की रजई, ताप आला की तीन रजया. "घाम निघू दे, ताप आपोआप उतरेल," हे काकू अशा थाटात सांगायची की डॉक्टरांनी तिच्याकडे शिकायला यावं. आई मागे कारखान्यात वीतभर लांब सुईने टाके घालायची. कापसाची पिंज तिच्या केसांत, भुवयांवर, चहाच्या कपात. सगळे तिला सुईबाई म्हणत.

मी अडीच वर्षांची असताना एका वसतिगृहाच्या साठ रजयांची घाई होती. सकाळी माझं अंग कोमट लागत होतं. आईने मला पातळ झबलं घातलं, काकूच्या हवाली केलं आणि ती खाली कामाला बसली. दुपारपर्यंत मी तापाने फणफणले. काकूने खिडक्या लावल्या, मला कानटोपी घातली आणि एकावर एक तीन रजया लपेटल्या. थोड्या वेळाने माझे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले आणि मी झटके देऊ लागले. काकांनी मला रजयांसकट उचलून डॉक्टरांकडे पळवलं. आई सुई हातात तशीच धरून मागे धावली, तिच्यामागून काकू.

झटके दोन मिनिटांत थांबले होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काही लहान मुलांना तापात असे झटके येतात. पांघरुणामुळेच आले असं मी म्हणणार नाही. पण तापलेल्या मुलाला असं बांधून ठेवायचं नाही. कोणी गुंडाळलं हिला?"

एवढा साधा प्रश्न. काकू "मी" म्हणाली असती तर डॉक्टरांनी दोन शब्द सुनावले असते आणि विषय तिथेच मिटला असता. काकूने आईकडे बोट केलं. "हिनेच. अशीच गुंडाळून माझ्याकडे दिली. मी म्हटलं, आई आहे, तिला जास्त कळतं."

आई नाही नाही म्हणत राहिली. पण ती दिवसभर कारखान्यात होती आणि काकू माझ्याजवळ, त्यामुळे काकूचं खरं ठरलं. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पोर तापलेलं आणि ही टाके मोजत बसली." बाबा मूग गिळून गप्प. मोठ्या भावापुढे त्यांचा आवाज कधी फुटलाच नाही. त्या दिवसानंतर घरात कुणाचंही तान्हं मूल आईच्या हातात दिलं गेलं नाही. बारशाला आलेल्या बायका मूल तिच्यासमोरून पुढच्या बाईकडे सरकवत. काकू हळूच म्हणायची, "नको गं, तिला नाही जमत." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आईने भांडण केलं नाही. ती डॉक्टरांकडे परत गेली आणि तापाचं सगळं विचारून वहीत उतरवून आली. ताप किती हे हात लावून ठरवायचं नाही, मोजायचा. अंगावर एकच पातळ कपडा, खिडकी उघडी, थोडं थोडं पाणी. औषध मुलाच्या वजनाप्रमाणे, बाटलीबरोबरच्या मापानेच, घरातल्या चमच्याने नाही, आणि आधीचा डोस कधी दिला ते लिहिल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. झटके आले तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. मूल सुस्त पडलं, पीत नसलं, ओळखत नसलं, तर सरळ डॉक्टर.

मग तिने एक थर्मामीटर आणला, मखमलीच्या चिंधीची पिशवी शिवून त्यात ठेवला आणि ती पिशवी दुकानात बरोबर पाटीखालच्या खिळ्याला अडकवली. बाळाची रजई न्यायला कुणी आलं की ती मागून यायची आणि सांगायची, "छान आहे, पण ताप आला की काढून ठेवायची हं." काकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. गल्लीतल्या बायका मात्र मुलाला ताप आला की मागच्या दाराने गुपचूप आईकडे यायच्या. पुढच्या दाराने यायची हिंमत कुणाची नव्हती.

यंदाची गोष्ट. माझ्या चुलतभावाची मुलगी चिमी, तीन वर्षांची. तिला सकाळी थोडा ताप होता. वहिनीने औषध पाजलं, वेळ औषधाच्या डब्यावर लिहिली आणि ती पोस्टात कामावर गेली. भाऊ बाहेरगावी होता. साडेतीनच्या सुमाराला काकू आमच्या दारात उभी राहिली. एकोणीस वर्षांत ती आमच्या उंबऱ्यावर दुसऱ्यांदा आली असेल.

"धाकटे, जरा ये. पोर डोळे उघडत नाहीये नीट."

आईने पदर खोचला, घरातला दुसरा थर्मामीटर घेतला, वही घेतली. मी मागोमाग. काकूच्या खोलीत खिडक्या बंद होत्या. पलंगावर कानटोपी घातलेली चिमी होती, आणि तिच्यावर आईच्याच हातच्या तीन रजया. तोंड लालबुंद. आईने हाक मारल्यावर तिने डोळे उघडले आणि "पाणी" म्हणाली. आईने काखेत थर्मामीटर लावला. एकशे तीन पॉइंट चार.

मी रजया ओढायला हात घातला. आईने माझं मनगट धरलं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "आधी लिहा."

"काय लिहू? पोरीचं बघ ना गं."

"ताप किती, वाजले किती, अंगावर काय होतं, कोणी घातलं. माझ्या वहीत पहिली ओळ हीच असते. लिहा, मग मी हात लावते."

काकूने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. वही घेतली. पेन दोनदा थांबलं. आईने माझं मनगट सोडलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि चिमी पाणी मागत होती.

'३.४०. १०३.४. अंगावर तीन रजया आणि टोपी. मी घातल्या.'

आईने मनगट सोडलं. पुढचं सगळं तिने असं केलं की बघत राहावं. रजया काढल्या, टोपी काढली, खिडकी उघडली, पातळ फ्रॉक घातला. घोटघोट पाणी दिलं. डब्यावरची सकाळची वेळ बघितली, चिमीचं वजन विचारलं, मापाने औषध पाजलं. डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरोबर चाललंय, संध्याकाळी आणून दाखवा. पाच वाजता ताप एकशे एकवर आला आणि चिमीने बिस्किट मागितलं.

साडेपाचला वहिनी आली, तिच्या मागून दुकान बंद करून काका. पलंगाच्या पायथ्याशी रजयांचा ढीग होता. वहिनीचा चेहरा उतरला. "इतकं पांघरलं होतं हिला? कोणी?"

मला वाटलं, आता तरी. दोन तास आईने तिच्या नातीची सेवा केली होती. काकूने ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "धाकटी आली होती ना बघायला. तिनेच. मी म्हटलं, तिला कळतं तापातलं."

तेच वाक्य. फिरवून मांडायचेही कष्ट तिने घेतले नव्हते.

आईने वही वहिनीच्या हातात दिली. वहिनीने पहिली ओळ मनात वाचली, मग मोठ्याने वाचली. सासूचं अक्षर तिला माहीत होतं, काकांना तर चाळीस वर्षांपासून माहीत होतं. काका पलंगाच्या कडेवर बसले. त्या रजयांकडे बघून ते म्हणाले, "म्हणजे तेव्हाही?"

काकूने पदर तोंडाला लावला. वहिनीने चिमीला उचललं, सासूच्या समोरून चालत आली आणि तिला आईच्या मांडीवर ठेवलं.

"उद्यापासून मी कामावर जाताना ही तुमच्याकडे राहील, धाकट्या काकू."

काकूने हात पुढे केला होता. वहिनीने पाहिलं नाही. आईने पाहिलं, आणि चिमीला आणखी जवळ घेतलं. एकोणीस वर्षांचं उट्टं निघालं होतं आणि तिने त्यातला कणही कुणाला माफ केला नाही. मला खूप बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर आईने माझा हात हातात घेतला. मनगटावर तिच्या बोटांच्या चार लाल खुणा उठल्या होत्या. तिने त्यांवर अंगठा फिरवला.

"लिहायला किती वेळ लागला तिला?" तिने विचारलं.

मी घड्याळ बघितलं होतं. "दोन मिनिटं."

"तुलाही झटके दोनच मिनिटं आले होते," आई म्हणाली. मग माझा हात सोडून ती दिवा लावायला उठली, आणि त्यानंतर तिने कधी त्या वहीचं ते पान उघडलं नाही.