रेन्स्केमावशीचं पंक्चर

रेन्स्केमावशीची सायकल चाळीस वर्षं पंक्चर होती.

निदान गावाचा तसा समज होता. बाजारात जाता-येताना मावशी सायकल हाताने ढकलत न्यायची, कॅरियरवर बटाट्यांची पिशवी. वाटेत कुणीतरी विचारायचंच, "पुन्हा हवा गेली का गं?" मावशी सुस्कारा टाकायची, "काय सांगू!"

आमच्याकडे, या सपाट, कालव्यांच्या मुलखात, पोरं बोलायच्या आधी सायकलवर चढतात. तिथे अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला सायकल येत नाही, हे फक्त मला, तिच्या भाचीला, ठाऊक होतं. लहानपणी ती सायकलसकट कालव्यात पडली. आधी घाबरली, मग लाजली. भीती थोडीफार ओसरली, लाज मात्र तशीच राहिली.

आणि मग तिचं हिल्कोशी जमलं. हिल्को म्हणजे बंधाऱ्यावरचा निवृत्त राखणदार. ताडमाड उंच, बोलणं मोजकं. शुक्रवारी अकराला नगरपालिकेत लग्न. सोमवारी तो म्हणाला, "सायकलवरूनच जाऊ. माझे आईबाप तसेच गेले होते, हातात हात घालून."

"हो तर!" म्हणाली मावशी, आणि घरी येऊन खुर्चीत कोसळली.

"सांगून टाक ना त्याला," मी म्हटलं.

"काय सांगू? चाळीस वर्षं गावाला थापा मारतेय म्हणून? तो म्हणेल, ही बाई आणखी काय काय लपवत असेल! लग्नच मोडेल गं."

शेवटी सायकल दुरुस्त करणाऱ्या बेरेन्टला विश्वासात घेतलं. तो आधी भडकलाच. "म्हणजे पंक्चर नव्हतंच? आणि मी समजत होतो, तू दुसऱ्याकडे जातेस!"

मंगळवारी आम्ही कुरणावर गेलो. हिवाळ्यात तिथे स्केटिंगसाठी पाणी सोडून त्याचा बर्फ होऊ देतात. उन्हाळ्यात नुसत्या मेंढ्या.

"सोप्पंय. बसायचं आणि चालवायची," बेरेन्ट म्हणाला.

"कशी?"

"म्हणजे... पडायचं नाही."

"डावीकडे कलले तर?"

"तर हँडल उजवीकडे... नाही, थांब. डावीकडेच."

"पडतेय त्याच बाजूला? मेले म्हणजे!"

"अगं, दाखवतो ना!" बेरेन्ट ऐटीत सायकलवर बसला. स्वतःच्या हातांकडे निरखून बघत म्हणाला, "हे बघ, आता मी डावीकडे कललो की माझे हात आपोआप..." आणि साठ वर्षांत पहिल्यांदाच तो सायकल चालवताना विचार करायला लागला. हँडल इकडे, हँडल तिकडे, आणि बेरेन्ट थेट चरात!

"थांबायचं कसं ते उद्या सांगतो," चरातून आवाज आला. दुसऱ्या दिवशी त्याचा हात प्लास्टरमध्ये होता, आणि तो धडा राहूनच गेला.

पण मावशीला असं काही हसू फुटलं की हसता हसता ती सायकलवर बसली आणि घाबरायचंच विसरली. गेली की सरळ! मेंढ्या दोन्ही बाजूंना पांगल्या. कुरणाच्या टोकाला उंच गवतात सायकल आपोआप थांबली. गुरुवारपर्यंत तिने शंभर फेऱ्या मारल्या. दर वेळी गवत थांबवायचं. आम्हा दोघींच्या काही लक्षातच आलं नाही.

शुक्रवारी वारा पाठीमागून होता. "हात दे," हिल्को म्हणाला.

"नवरी दोन्ही हातांनी लग्नाला येतेय!" मावशी हँडल घट्ट धरून ओरडली.

चौकात हिल्को नगरपालिकेच्या पायऱ्यांपाशी उतरला. मावशी पुढे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने चौकाला फेरी मारली. पुन्हा टाळ्या. तिसऱ्या फेरीला टाळ्या थांबल्या.

हिल्को सायकलवर टांग टाकून तिला गाठायला निघाला. "ब्रेक लाव!"

"कुठाय तो?"

"पेडलमध्येच! उलटं दाब! चाळीस वर्षं काय करत होतीस?"

"चालत होते! मला सायकल येतच नव्हती, हिल्को! पंक्चरबिंक्चर सगळं खोटं!"

चौकात फक्त साखळ्यांची खरखर. अर्ध्या फेरीनंतर हिल्कोने सायकल तिच्या शेजारी आणली.

"मग ही कधी शिकलीस?"

"या तीन दिवसांत!"

"कशाला?"

"तुझ्यासाठी, मेल्या! थांबव आता!"

हिल्कोचे कान लाल झाले. "थांबवतो. पण आधी आणखी एक फेरी. हात दे."

आणि मावशीने दिला! सायकल डुगडुगली, पण चालत राहिली. अख्खी फेरी दोघं हातात हात घालून. मग पायऱ्यांसमोर मावशीने पेडल उलटं दाबलं, इतक्या जोरात की नवरा, नवरी, दोन सायकली सगळ्यांचा एकच ढीग झाला.

लग्न लावणाऱ्या बाई वरून वाकल्या. "आत येताय, की लग्नाची संमती इथेच विचारू?"

"इथेच विचारा," ढिगाखालून मावशी म्हणाली. "उठायचं कसं ते अजून कुणी शिकवलेलं नाही."