कापसाचे बोळे

डिझेल इंजिनाचे दोन टर्बो सारखी हवा ओढत नसले, की कुठला कमी पडतोय हे मिस्त्री नुसत्या कानाने सांगायचा. मीटर मागाहून त्याच्या हो ला हो करायचं. पठ्ठ्या कान जपायचाही तसेच. घरी आला की कापसाचे बोळे घालून बसायचा. बोळे बायको वळून द्यायची.

डॉक्टरांनी तिचा एक्स-रे उजेडापुढे धरला. "उजवं फुप्फुस कित्येक महिने हवाच घेत नाहीये. यांची धाप तुम्हाला कधी ऐकू नाही आली?"



"दिवसभर इंजिनं ऐकतात हो ते," बायकोच म्हणाली. "घरी तरी कानांना आराम नको?"

ती गेल्यावर फडताळात एक डबा सापडला. धापा टाकत तिने वर्षभराचे बोळे वळून ठेवले होते.