सहा नंबरचा बूट

बूट वाईट होता, हे आधीच सांगून टाकते. घोट्यापर्यंत येणारा, जाड कापडाचा, पांढऱ्या रबरी टोकाचा तो हाय-टॉप कॉलेजच्या पोरांच्या पायात झकास दिसतो. मी पंचेचाळिशीत घेतला, कारण शाळेची सहल वेरूळला नेली तेव्हा पायरीवर माझा घोटा मुरगळला होता आणि त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. स्वतःसाठी एवढं महागाचं काही घ्यायची माझी पहिलीच वेळ. नवऱ्यानं किंमत दोनदा विचारली. मी दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

हर्सूल तलावाकाठी फिरायला जाताना तिसऱ्याच दिवशी टाचा सोलून निघाल्या. तळ इतका सपाट की खडा न खडा पायाला कळावा. नाड्या बांधायला पाच मिनिटं, सोडायला पाच मिनिटं, आणि आपल्याकडं तर प्रत्येक दारात पायताण काढायचं. दोन महिन्यांत, चालताना जिथं घडी पडते तिथं, कापड रबरापासून सुटलं. नाव मोठं, लक्षण खोटं. घरात सगळे हसायला टपलेच होते. माझं डोकं फिरलं. बूट पिशवीत कोंबले आणि दुकान गाठलं. पैसे परत घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच.

दुकानदार म्हातारा होता. मी दहा मिनिटं तोंड सोडलं. मग त्यानं बुटात हात घालून टाचेची जागा चाचपली आणि माप घ्यायची पट्टी माझ्यापुढं ठेवली. एवढ्या वयाच्या माणसानं माझ्या पायाला हात लावायचा म्हणून मी संकोचले, पण तो खाली बसलाही होता.

"बाई, तुमचा पाय पाच नंबर हाय. सहा कायको लिये?"

मीच मागितला होता, पायात घालूनही न बघता. लहानपणी माझी चप्पल एक नंबर मोठीच यायची, दोन वर्षं चालावी म्हणून. तीच सवय लागली. पाय वाढायचा कधीच थांबला होता, मी मात्र मोठंच मागत राहिले. धाकट्या भावाला सोयगावच्या दुकानात उभं करून, अंगठा दाबून, चार पावलं चालायला लावून बूट घेतलेले मी पाहिलेत. माझ्या पायाचं माप कुणी म्हणून कुणी घेतलं नव्हतं.

बूट दुकानदाराच्या समोरच टाकून मी बाहेर आले आणि पायरीवरूनच आईला फोन लावला. भावाचं माप घेतलंत, माझं का नाही, असं तिला सरळ विचारलं. आवाज चढलेलाच होता. रस्त्यावरचे लोक बघत होते, बघू दे म्हटलं.

आई म्हणाली,

"त्याला तुझा बाप घेऊन जायचा, माय. मला कुठं ठावं हाय माप? माझाच नंबर मला ठावं नाय. तुझ्या टाकलेल्या चपलाच घालत आले की मी."