त्या खुर्चीतून उठवलं तवा

"उठा मावशी, तुम्हाला या शिबिरात घेता येत नाही. आणि उठलाच आहात तर खुर्ची पुसून घ्या."

दातांच्या डॉक्टरसाहेबांचे हे शब्द. कवळीचं माप द्यायला म्या आ करून बसले होते. दारात आमच्या येडशीच्या बाया रांगेत उभ्या. सगळ्यांनी ऐकलं.

या सरकारी दवाखान्यात म्या ठेकेदाराकडून झाडलोट करते. ती खुर्ची रोज म्याच पुसते. रक्त, थुंकी, सगळं. पुढचे दात पडल्यापासून पदर तोंडावर धरूनच बोलायचे. ते बघून साहेबच म्हणाले होते, "मावशी, फुकट कवळीचं शिबिर लागू द्या, तुमची कवळी पहिली." लई बरं वाटलं. गावच्या बाया म्याच गोळा करून आणल्या. भ्यायल्या त्यांचा हात धरला.

आन् आता नियम निघाला. दुसरा विमा असंल त्याला फुकट कवळी न्हाय. आमचं कामगार विम्याचं कार्ड हाय. ठेकेदार त्याचे पैसे पगारातून कापतो.

"तुमच्या कार्डावर सोलापूरच्या विमा दवाखान्यात जा," साहेब म्हणाले.

"जाऊन आले साहेब. ठेकेदारानं पैसे भरलेच न्हाईत. तिथं कार्ड बंद हाय म्हणले. तुमाला सांगितलं होतं की म्या."

"त्याला मी काय करू? इथं तुमचं नाव विम्यात दिसतंय."

म्हंजे सोलापुरात कार्ड मेलेलं, आन् इथं मला हाकलायपुरतं जित्तं.

जिचा हात धरून आणला ती रखमाबाई माझ्याकडं न बघता पुढं सरकली. तिला काय बोल लावू? तिलाबी भाकर चावायचीय. पण साहेबांचं काळजाला लागलं. परक्यानं उठवलं असतं तर सोसलं असतं. रोज मावशी म्हणणाऱ्यानं उठवलं.

सवयीनं हात फडक्याकडं गेला. म्या तो मागं घेतला.

"साहेब, पुसणार न्हाय."

"मग कोण पुसणार?"

"ज्यानं उठवलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन. माफी माग, न्हायतर येऊ नको. म्या माफी न मागताच गेले. वरांडा झाडला, मोऱ्या धुतल्या. दातांच्या खोलीत पाऊल टाकलं न्हाय.

आता तोंडावर पदर घेत न्हाय. या बोळक्या तोंडानंच भेटंल त्याला सांगते, पैसे कुणी कापले आन् दात कुणी नाकारले. काढायचं तर काढा कामावरून. त्या खुर्चीत माझं माप घेतल्याबिगर ती पुसायला हा हात उचलणार न्हाय.