‘ले’ची उदाहरणं

जर्मन भाषेचे पहिले धडे मी आमच्या घरातल्या मागाशेजारी बसून गिरवले. साठचं दशक संपत आलं होतं आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. नागपुरात इतवारीच्या मागच्या अंगाला, विणकरांच्या वस्तीत आमचं घर. बाबा नऊवारी लुगडी विणायचे, आई आणि मी कांड्यांवर सूत भरायचो.

एक दिवस मराठीच्या सरांनी मला बोलावून घेतलं. जर्मनीहून एक बाई आली होती आणि तिला नागपूरकडच्या बोलीचं व्याकरण लिहायचं होतं. ‘मला’ न म्हणता ‘मले’ म्हणणारी माणसं तिला हवी होती. अख्ख्या वर्गातून सरांनी मलाच का निवडलं ते मला लगेच कळलं, आणि थोडं लागलंही.

बाई तिशीची, उंच. पुण्यात राहून शिकलेली तिची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होती. पहिल्याच दिवशी तिने आईला “आपण कशा आहात?” असं विचारलं, तेव्हा आई आत जाऊन तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत होती. पण महिनाभरात दोघींचं छान जमलं.

माझं आणि तिचं ठरलं होतं, एका शब्दाला एक शब्द. मागावर सुताची कांडी इकडून तिकडे नेणारा तो ‘धोटा’, असं मी म्हटलं की ती तिच्याकडचा शब्द द्यायची आणि मी तो वहीत उतरवायचे, डावीकडे आमचा, उजवीकडे तिचा. तीन लिंगांची मला भीती वाटली नाही, ती आपल्याकडेही आहेतच. फक्त ‘मुलगी’ त्यांच्याकडे नपुंसकलिंगी आहे हे ऐकून मी अडखळले, तर कांडी भरता भरता आई म्हणाली की आपलं लेकरूही तसंच आहे. बाईने ते लगेच टिपून घेतलं. आमच्या ‘ले’साठी त्यांच्याकडे एक वेगळी विभक्ती आहे, हे तिने मला तेव्हाच शिकवलं. कोणाला दिलं, कोणाला सांगितलं, ते त्या विभक्तीतून कळतं.

डिसेंबरात, नाताळाआधीचे चार रविवार ओळीने ती आमच्याकडे आली. पितळेच्या ताटात कडुनिंबाचे डहाळे ठेवून त्यात चार मेणबत्त्या उभ्या केल्या आणि दर रविवारी एक एक जास्त लावत गेली. चौथी तिने आईच्या हातून लावून घेतली. संक्रांतीला आईने तिला हळदकुंकू लावलं, वाण दिलं. त्याच सुमारास तिने मला सांगितलं की त्यांच्याकडेही ‘तू’ आणि ‘आपण’ असतं, आणि ‘तू’वर यायचं तर वयाने मोठ्या माणसाने रीतसर विचारायचं असतं. मग तिने मला खरंच विचारलं, माझा हात हातात घेऊन. मी सतरा वर्षांची होते. तोवर मला कोणी कशाचीही परवानगी विचारली नव्हती.

दुपारी मी कॉलेजात असताना ती आईजवळ बसायची. सोबत फितीचं रेकॉर्डिंगचं मशीन असायचं. माझ्या आवाजाच्या फिती ती मला ऐकवायची, आईच्या मात्र कधी ऐकवल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, त्यात नुसती दळणाची गाणी आहेत.

वर्षभराने ती गेली. दोन वर्षं पत्रं आली, मग नाताळाची कार्डं, मग तीही थांबली.

पुढे मी शाळेत शिक्षिका झाले. बाबा वारले. त्यानंतर दोन वर्षांनी, जुनी वही हाती लागली म्हणून, मी सीताबर्डीवर संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गात नाव घातलं. एका संध्याकाळी तिथल्या सरांनी एक जाड पुस्तक आणलं. ते मोठ्या आनंदात होते. मला म्हणाले, हे तुमच्याच बोलीचं व्याकरण आहे, तुम्ही उदाहरणं वाचा आणि मग त्याखालचं जर्मन वाचा.

वर बाईचं नाव होतं. मी अभिमानाने उभी राहिले. पहिली उदाहरणं सूत आणण्याची, पाणी भरण्याची होती, आणि वाचताना मला आईचा आवाज ऐकू येत होता. मग ‘ले’चं पान आलं.

हे दर गुरुवारी उमरेडले जातेत.

तिथं त्याईनं तिले घर करून देलं.

त्याईनं तिले लुगडं देलं, मले नाही.

खालचं जर्मन भाषांतर अगदी निर्दोष होतं. सर वर्गाला म्हणाले, बघा, विभक्ती किती स्वच्छ दिसते. मी पान उलटलं. तिथे नकाराची उदाहरणं होती आणि त्यातलं पहिलंच होतं, ‘हे मी पोरीले सांगतलं नाही.’

मी खाली बसले. मला चक्कर आली असं समजून कोणीतरी पाणी आणून दिलं. बाबा दर गुरुवारी सूत आणायला उमरेडला जायचे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिथे त्यांचं दुसरं घर होतं हे मला एका व्याकरणाने सांगितलं.

पुस्तक मागून घेतलं आणि घरी आले. आई सुपात तुरीची डाळ निवडत होती. मी ती वाक्यं तिला एकामागून एक वाचून दाखवली. तिचा हात थांबला, पण मान वर झाली नाही. मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. मी चौथीत असल्यापासूनचं होतं ते. बाबांच्या तेराव्याला उमरेडहून आलेली जी बाई तिने दूरची नणंद म्हणून सांगितली होती, तीच ती. तिच्या पानात मीच आग्रहाने वाढलं होतं.

“तिले सांगतलं, अन् मले नाही. काहून?”

“थे जाणार होती,” आई म्हणाली. “तुले सांगतलं असतं तं तू रोज त्याईच्यापुढं ताट कसं ठेवलं असतं?”

जर्मन बाईचं मशीन चालू होतं हे आईला माहीत होतं. पण बाई म्हणाली होती की ती फक्त शब्द पाहते, आणि आईने तेच खरं धरलं होतं. तिकडे मुलंबाळं आहेत का, असं मी विचारलं, तेव्हा आई डाळीचं सूप उचलून आत गेली.

प्रकाशकाच्या पत्त्यावर मी बाईला पत्र लिहिलं, तिच्याच भाषेत, तिला ‘आपण’ म्हणून. दोन महिन्यांनी टाइप केलेलं उत्तर आलं. पुस्तकात कोणाचंही नाव नाही, वस्तीचंही नाही, असं तिने लिहिलं होतं. विचारून अशी सहज वाक्यं कधी मिळत नाहीत, असंही होतं. शेवटी, माझं जर्मन किती सुधारलं आहे याचं कौतुक होतं. सगळीकडे मला ‘तू’ म्हटलं होतं. मी उत्तर दिलं नाही. तिच्यावरचा राग मला निदान कागदावर मांडता आला. बाबा तर गेलेच होते, आणि आईवर रागवायला गेलं की मी तिच्या हातातलं काम घेऊन करायला लागायचे. आम्ही दोघी तो विषय टाळून एका घरात राहत होतो.

त्या वर्षी वर्ग सोडला. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. भाषा मला आवडत होती, आणि ते आवडणंही मला तेव्हा खुपत होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. सोप्यापासून सुरुवात करावी म्हणून त्यांनी विचारलं, तुम्हाला भावंडं किती? ‘एकही नाही’ हे उत्तर मी घरी दहा वेळा घोकलं होतं. पण तोंडातून निघालं ते ‘माहीत नाही.’ त्यांना वाटलं, प्रश्नच कळला नाही. त्यांनी तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारला आणि माझ्यासाठी बोटं उघडून दाखवली, एक, दोन, तीन. त्या बोटांकडे बघत मी मनानेच ठरवून म्हटलं, एक भाऊ. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.